चवदार तळ्यापासून आपल्या ओढ्यापर्यंत

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत 'संस्थेची वाटचाल' या विषयावर मी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले होते. वाटचालीविषयी लिहिणारे माझ्यापेक्षा अधिक अधिकारी बांधव आहेत आणि त्यांचे लेख या अंकात येतीलच. पत्र्याच्या दोन खोल्यांपासून आजच्या इमारतींपर्यंतचा तो प्रवास अभिमानाचा आहे, यात शंका नाही. मात्र आपल्या आवारात एक वाट अशीही आहे की जिच्यावरून आम्ही शिक्षक मंडळी फारशी कधी चाललो नव्हतो. ती भोजनगृहाच्या मागून, बाभळींमधून ओढ्याकडे उतरते. मला या निमित्ताने त्या वाटेविषयी लिहावयाचे आहे. संपादकांनी उदारपणे परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

इतिहासाचा शिक्षक म्हणून आठवीच्या वर्गाला 'समतेचा लढा' हे प्रकरण मी दरवर्षी शिकवतो. त्यात महाडचा सत्याग्रह येतो. आपल्या विद्यालयातील मुलांना तो नव्याने सांगावा लागत नाही. २० मार्च १९२७ ही तारीख त्यांना पाढ्यांच्या आधी पाठ झालेली असते. म्हणून मी त्यांना तारखेच्या मागे-पुढे नेतो. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला, महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर तळे खुले होते आणि पाण्याला स्पर्श करण्याची मात्र कोणाची छाती नव्हती. परमपूज्य बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांचा हल्ला झाला आणि मग सनातनी मंडळींनी तळ्याची 'शुद्धी' केली. दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात रित्या करण्यात आल्या. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. तळे सर्वांसाठी खुले ठेवणारा उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १७ मार्च १९३७ उजाडला.

त्या १०८ घागरींपाशी मी वर्गात नेहमी थांबतो. मुलांना विचारतो, माणसाने ओंजळ भरून पाणी प्यायले तेव्हा तळ्यात काय गेले? काही नाही. आणि शुद्धी झाली तेव्हा काय गेले? मुले हसतात. वर्षानुवर्षे हा प्रश्न विचारून मी हशा मिळवीत आलो आहे. हे आज लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण त्या हशाचे पुढे काय झाले तेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

विटाळ आणि प्रदूषण हे दोन शब्द आपल्या भाषेत पाण्याला चिकटून आहेत. पहिल्याला वास नाही, रंग नाही, प्रयोगशाळेत तो सापडत नाही. तरी त्यापायी माणसे मारली गेली. दुसऱ्याला वास आहे, रंग आहे, तो मोजता येतो, त्याने मासे मरतात आणि लेकरांना जुलाब होतात. तरी त्याबद्दल कोणाला फारसा राग येत नाही. ज्या समाजाने विटाळाची एवढी बारीक काळजी वाहिली, त्याच समाजाने आपल्या नद्यांची गटारे होऊ दिली. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. घाण म्हणजे विशिष्ट माणसे, अशी एकदा मनाची खात्री झाली की खरी घाण दिसेनाशी होते. ती उचलण्यासाठी विशिष्ट माणसे नेमली की मग तिचा विचारही करावा लागत नाही.

माझे बालपण नातेपुत्याच्या उत्तरेला, नीरेच्या काठच्या एका खेड्यात गेले. आई जुन्या पाणवठ्यांची रचना सांगे, ती मी पुढे एम.ए.च्या अभ्यासात कोणत्याही ग्रंथात इतक्या नेमकेपणाने वाचली नाही. नदीवर प्रवाहाच्या वरच्या अंगाला पांढरीतल्या मोठ्या घरांचा पाणवठा. त्याखाली बलुतेदारांचा. त्याखाली धुणे धुण्याचे खडक, मग गुरे धुण्याचा डोह आणि सगळ्यांत खाली आपला. म्हणजे वरच्यांचे आंघोळीचे, धुण्याचे, गुरांचे सारे पाणी आपल्या पाणवठ्यावर यायचे आणि ते आपण प्यायचो. तरी बाटवणारे आपणच. आई वाळूत झिरा उकरून पाणी गाळून घेई. उन्हाळ्यात नदी आटली की विहिरीवर जाऊन, कोणी वरून घागरीत पाणी ओतील म्हणून बाजूला उभे राहावे लागे. ही पेशवाईतली गोष्ट नव्हे. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट हे शब्द लिहिले गेले, त्यानंतरच्या वर्षांतली आहे. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचा नकाशा काढावयाचा झाला तर मी नीरेचा तो काठ काढीन.

आमच्या पिढीने ही नदी वेगळ्या रूपात पाहिली. १९२८ साली पूर्ण झालेल्या भाटघरच्या लॉईड धरणाने नीरेचे पाणी बांधले, उजव्या कालव्याने ते फलटण आणि माळशिरसच्या माळांवर आणले. कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले. त्या समृद्धीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. आपल्यातील अनेक मुलांची फी त्याच उसाच्या मजुरीतून भरली गेली आहे. पण उसाबरोबर मळी आली आणि मळीबरोबर मद्यार्काचे कारखाने आले. मळीपासून एक लिटर मद्यार्क तयार होताना आठ ते पंधरा लिटर काळपट, आंबूस सांडपाणी मागे राहते. पाण्यातील घाण कुजविण्यासाठी जेवढा प्राणवायू खर्च होतो, त्यावरून पाण्याचा कस ठरतो. आंघोळीयोग्य नदीत ही मात्रा लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत असावी, असा दंडक आहे. या सांडपाण्यात ती ४०,००० च्याही वर असते. म्हणजे त्यातले एक पिंप नदीत सुटले की नदीचे किती पाणी प्राणवायूला मुकेल, याचा हिशेब नववीचा विद्यार्थी करू शकेल. मी महाविद्यालयात असताना एका हिवाळ्यात कोणा कारखान्याचे असे पाणी रातोरात नदीत सुटले होते. पहाटे काठावर चिलापी आणि मरळ पोट वर करून पडलेले होते आणि आमच्या वस्तीतली माणसे ते पाट्या भरून घरी नेत होती. फुकटचे मासे म्हणून त्या दिवशी घरोघर आनंद होता. कोण्या अधिकाऱ्याने पंचनामा केल्याचे मला आठवत नाही.

कायदे नव्हते असे मुळीच नाही. महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषणाचा कायदा केला, १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. केंद्राचा कायदा १९७४ चा. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने नद्या, सरोवरे यांचे संरक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली तेव्हा ३५१ पैकी ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातले निघाले. सर्व राज्यांत अधिक. त्यात आपली भीमा आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून, पवनेतून भीमेत आणि तेथून उजनीत येते. उजनीच्या खाली नरसिंहपूरला आपली नीरा तिला मिळते आणि दोघींचे एकत्रित पाणी पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओंजळीत घेतले जाते. आषाढात माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी असते. थकून आलेल्या म्हाताऱ्या वारकरणीला आमची मुले रांगेत उभी राहून पाणी देतात, ते विकतच्या जारचे असते. पुढे चंद्रभागेत ती काय तोंडात घेणार, ते माहीत असूनही तिला सांगण्याचा धीर मला कधी झाला नाही.

इथवरचे सारे मी वर्गात पुष्कळदा सांगितले होते. दोषी दूर होते, मोठे होते आणि बोट दाखविण्यास सोपे होते.

सात वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. आठवीच्या वर्गाला मी पाणवठ्यांचा नकाशा काढावयास सांगितला. आपापल्या गावातील जुन्या माणसांना विचारून वरचा पाणवठा कोणता, खालचा कोणता, हे कागदावर मांडायचे होते. एका मुलाने गावाऐवजी आपल्या विद्यालयाचा नकाशा काढून आणला. त्याचे आईवडील बीड जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडीला येत आणि त्यांच्या टोळीचा तळ आपल्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर, ओढ्याच्या खालच्या अंगाला पडत असे. नकाशात वरती वसतिगृह, मग भोजनगृह, मग एक मोठा पाईप, मग ओढा आणि त्या ओढ्यात खाली एक छोटे वर्तुळ. वर्तुळाला त्याने नाव दिले होते, 'आमचा झिरा'.

मी म्हटले, "अरे, मी गावाचा काढायला सांगितला होता."

तो म्हणाला, "सर, गावात आम्ही सहाच महिने असतो. आई म्हणते, इथल्या पाण्याला साबणाचा वास येतो."

कोणी हसले नाही. तास संपण्यास वेळ होता. पुढे मी काय शिकविले, ते मला आठवत नाही.

त्या रविवारी मी त्या मुलाबरोबर भोजनगृहाच्या मागच्या वाटेने खाली उतरलो. मी येथे रुजू झाल्याला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. दोनशेहून अधिक मुलांच्या आंघोळीचे आणि धुण्याचे पाणी, भांड्यांचे खरकटे पाणी उघड्या चरातून ओढ्यात जात होते. त्याचे मला फार वाटले नाही. शौचालयाच्या टाकीपाशी आलो तेव्हा पाय थबकले. टाकी बांधली तेव्हा मुले साठ होती. मुले वाढली, टाकी तेवढीच राहिली. ती कित्येक वर्षे उपसली गेली नव्हती आणि तिच्या वरच्या तोंडातून काळे पाणी संथपणे त्याच चरात उतरत होते. शंभरेक पावलांवर ओढ्याच्या वाळूत झिरा उकरलेला होता. माझ्या आईने नीरेच्या वाळूत उकरावा तसाच, हातभर खोल, कडेला दगड लावून. एक मुलगी वाटीने पाणी घागरीत भरीत होती.

कोप्या दहा-बारा असतील. मुलाच्या आईने पोते अंथरले. ती तोडीवरून नुकतीच आली होती, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. चुलीवर पातेले ठेवता ठेवता ती जरा थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, चहा घेता ना आमच्या हातचा?"

हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून ऐकले होते, गावातल्या मास्तरांना उद्देशून. मास्तर 'आत्ताच झाला' म्हणून निघून गेले होते. आता त्या वाक्याच्या दुसऱ्या बाजूला मी बसलो होतो. माझ्या मनात खरोखरच कचर आली होती. मात्र ती तिच्या हाताबद्दल नव्हती, पातेल्यात पडणाऱ्या पाण्याबद्दल होती, आणि ते पाणी आमचे होते. नाही म्हणावे तर ती त्याचा काय अर्थ घेणार, हे मला ठाऊक होते. चहा उकळलेला असतो, एवढाच विज्ञानाचा आधार होता. मी चहा घेतला. गोड होता, गुळाचा. साबणाचा वास मला आला नाही. कदाचित ज्यांना तो रोज प्यावा लागतो, त्यांनाच तो येत असावा.

परत येताना आठवत राहिले ते रोहिणी नदीचे प्रकरण. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रोगी, म्हातारा आणि प्रेत पाहिल्याची पारंपरिक कथा नाकारली आणि तिच्या जागी शाक्य व कोलिय यांचा पाण्याचा तंटा ठेवला, हे आपणां सर्वांस माहीत आहे. शाक्य संघ युद्धास निघाला तेव्हा सिद्धार्थाने सुचविले की, दोन माणसे आपण निवडू, दोन कोलियांनी निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा. सूचना फेटाळली गेली. मी हा भाग अनेकदा प्रवचनात सांगितला आहे आणि दरवेळी सिद्धार्थाच्या बाजूने बोललो आहे. पण बहुमत कोणाचे होते? शाक्यांचे. आपल्याच माणसांचे. सिद्धार्थाचे खरे धैर्य कोलियांपुढे उभे राहण्यात नव्हतेच.

भिक्खूंच्या विनयातही पाण्याविषयी नियम आहेत, त्यांचा आपल्याकडे फारसा उल्लेख होत नाही. पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, हा सेखिय नियमांतील शेवटचा नियम. ज्या पाण्यात जीवजंतू आहेत ते जाणूनबुजून वापरू नये, गवतावर वा मातीवर ओतू नये, हे पाचित्तियांत येते. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्र यांच्या जोडीला पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. ज्याला स्वतःचे म्हणून आठच वस्तू बाळगता येतात, त्याच्याकडे त्यांतली एक पाण्यासाठी असावी! आपण वर्षावासात भन्तेंना चीवरदान करतो, त्यांच्या पात्रात भोजन वाढतो. त्या वस्त्राची आठवण कोणी काढलेली मी पाहिली नाही. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला विहिरी खोदल्या, हे मात्र परीक्षेत हमखास विचारले जाते.

मी कार्यकारिणीला लेखी निवेदन दिले. त्या वर्षी प्रवेशद्वारावर सांचीच्या तोरणाच्या धर्तीवर कमान उभारण्याचे ठरले होते आणि त्यासाठी बाहेरगावच्या एका माजी विद्यार्थ्याने मोठी रक्कम दिलेली होती. माझी सूचना अशी होती की, देणगीदाराची संमती घेऊन ही रक्कम आधी शौचालयाच्या टाकीसाठी आणि शोषखड्ड्यांसाठी वापरावी. सभा वादळी झाली. नावे लिहिण्याचे कारण नाही. सारे आपलेच, माझ्यापेक्षा अधिक त्याग केलेले लोक. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारले, "गावातल्या कोणत्या शाळेचे पाणी ओढ्यात जात नाही? आपल्याच अंगणात बोट का?" दुसरे म्हणाले की, बाहेरचे लोक टपलेलेच आहेत, हा कागद त्यांच्या हाती लागला तर 'बौद्धांच्या शाळेने पाणी बाटवले' म्हणून बोंब होईल. हा मुद्दा खोटा नव्हता. या शब्दाची धार आमच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? आपल्यावर झालेल्या खोट्या आरोपाची आठवण एवढी ताजी असते की, खरा दोष कबूल करतानाही तोच आरोप पुन्हा कानांत वाजतो. मी त्यावर उत्तर देऊ शकलो नाही. मी फक्त शासकीय प्रयोगशाळेचा अहवाल वाचून दाखविला. झिऱ्याच्या पाण्यात विष्ठेतील जिवाणू सापडले होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात त्यांचे अस्तित्वच नसावे लागते.

ज्यांनी शेवटी सभा वळविली त्या एक वृद्ध उपासिका होत्या. त्या क्वचितच बोलत. त्या म्हणाल्या, "कमानीखालून कोण येणार हाये ते बघायला आपण हाये. टाकीखाली कोण राहतंय, ते आजवर कुणी बघितलं नव्हतं. आता बघितलंय." ठराव दोन मतांनी संमत झाला. देणगीदाराने रक्कम वळविण्यास संमती दिली, पण ते दुखावले आणि तेव्हापासून संस्थेत आलेले नाहीत. या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर दिसते ती कमान पाच वर्षे उशिराने, लोकवर्गणीतून झाली. ते बंधू हा लेख वाचतील तर त्यांनी एकदा यावे, एवढी विनंती मी येथे करतो.

काम काय झाले, तेही नोंदवून ठेवतो. कारण पुढच्या विश्वस्तांना ते माहीत असावे. जुनी टाकी यंत्राने उपसून घेतली. माणूस उतरवून नव्हे. त्याबाबत मी एक शब्दही ऐकून घेणार नव्हतो, आणि २०१३ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे. तिच्याजवळ मुलांच्या संख्येला पुरेल अशी कप्प्यांची नवी टाकी बांधली. तिच्यातून निघणारे पाणी खडी-वाळूच्या वाफ्यातून जाते, त्यावर कर्दळ लावलेली आहे. आंघोळीचे पाणी नारळ-केळीच्या बागेकडे वळविले. भोजनगृहाच्या पाण्यासाठी तेल आणि खरकटे अडविणारी छोटी टाकी आहे, ती आठवड्याला साफ करावी लागते. ती पाळी मुले आणि शिक्षक दोघांची असते. पहिल्या आठवड्यात काही पालकांची तक्रार आली की, 'ज्या कामातून बाहेर पडावं म्हणून पोरं शिकायला ठेवली, तेच काम त्यांच्या हाती का देता?' या तक्रारीने मी अनेक रात्री अस्वस्थ होतो. माझे उत्तर एवढेच होते की, इतरांची घाण जन्माने उचलणे आणि आपली घाण आपण आवरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि म्हणूनच पाळीच्या कागदावर मुख्याध्यापकांचे नाव पहिले आहे. सर्वांचे समाधान झाले, असे मी म्हणणार नाही. दोन मुले काढून नेण्यात आली.

मोठ्या पावसात शोषखड्डे अजूनही तुंबतात, आणि नीरा जशी होती तशीच आहे. आपल्या ओढ्याने तिच्यात ओतलेली भर त्या मळीच्या पाण्यापुढे नगण्य होती, हे मला समजते. पण पुढच्या वर्षी मी तालुक्याच्या एका बैठकीत कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी बोलण्यास उभा राहिलो, तेव्हा पूर्वीपेक्षा कमी बोललो आणि माझ्याच अहवालाची प्रत आधी पुढे ठेवली. समोरचे अधिकारी ती वाचून बराच वेळ गप्प होते.

तो मुलगा आता पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका करीत आहे. त्याचे आईवडील गेल्या हंगामातही आले होते. त्या सभेतच आणखी एक छोटा ठराव झाला होता. ओढ्याकडच्या कुंपणाच्या भिंतीला बाहेरून एक तोटी बसवावी आणि हंगामात टोळीतील कुटुंबांना संस्थेच्या टाकीचे पाणी मिळावे. तोटी बसली आणि झिरा उकरण्याचे थांबले. मागच्या उन्हाळ्यात आपली कूपनलिका आटू लागली, वसतिगृहाला टँकर घ्यावा लागला, तेव्हा बाहेरच्या तोटीला कुलूप घालावे आणि जुना ठराव रद्द करावा, असा अर्ज कार्यकारिणीकडे आला. अर्जावर बावीस सह्या आहेत, त्यांत माझ्या तीन माजी विद्यार्थ्यांच्या आहेत. महोत्सवाच्या गडबडीत त्यावर निर्णय झालेला नाही. पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर तो चौथ्या क्रमांकाला आहे.